मान मोडलेला बॉनेटवरचा पक्षी: जस्ताच्या जागी ॲल्युमिनियम (प्रकरण अभ्यास)

यंत्र म्हणजे १९५० च्या दशकातली एक सलून गाडी. बॉनेटच्या पुढच्या टोकावर पंख मागे घेतलेला, शोभेचा धातूचा उडता पक्षी होता. लांबी २१० मिमी, पंखांचा विस्तार १२० मिमी, उंची ६५ मिमी, बैठक १५० मिमी लांब आणि ४० मिमी रुंद. पक्ष्याची मान तुटलेली, क्रोमखाली सगळीकडे फोड आलेले, आणि पुढचा स्टड (पक्ष्याला बॉनेटशी धरणारा आटेदार दांडा) भोवतालच्या धातूसकट उपटून आलेला. अट एकच होती: नवा पक्षी घरच्या भट्टीवर ओतायचा आणि तो बॉनेटच्या मूळ भोकांत बसायला हवा, नवं भोक पाडायचं नाही.

या कामात जे बिघडलं त्यातलं बहुतेक सगळं पक्ष्याच्या बैठकीपाशी बिघडलं. म्हणून इथे चोच आणि पिसांपेक्षा बैठक, बॉस (स्टड ज्यात बसतो तो बैठकीचा जाड भाग) आणि स्टड यांवर जास्त लिहिलं आहे. नक्षी चुकली तर डोळ्याला खुपते, बैठक चुकली तर पक्षी गाडीवर राहतच नाही.

मूळ पक्षी कशाचा होता आणि का मेला

तुटका पक्षी वजनाला ५२० ग्रॅम भरला. पाणी भरलेल्या मापात बुडवल्यावर ७८ मिली पाणी चढलं. भागाकार ६.६७ येतो, म्हणजे जस्ताचा डायकास्ट (दाबाने साच्यात भरून ओतायचा) मिश्रधातू. पितळ असतं तर आकडा ८.५ च्या आसपास आला असता. घरी धातू ओळखायला ही सर्वांत खात्रीची परीक्षा. रंगावर जाऊ नये, क्रोमखाली सगळे धातू सारखेच दिसतात.

अशा जस्ताच्या वस्तू दोन वाटांनी मरतात. पहिली वाट वरून आत जाते. तांबं, निकेल आणि क्रोमच्या थरात सुईच्या टोकाएवढी भोकं असतात, त्यांतून ओल जस्तापर्यंत पोचते आणि जस्ताचा क्षार फुगून थर उचलतो. तेच ते फोड. दुसरी वाट आतून येते आणि ती जास्त वाईट. जस्तात शिसं किंवा कथील किंचित जरी मिसळलं असेल तरी उष्ण, दमट हवेत धातूचे कण एकमेकांपासून सुटू लागतात, वस्तू फुगते, वाकडी होते आणि शेवटी बिस्किटासारखी तुटते. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये अतिशुद्ध जस्तावर बेतलेले झमाक मिश्रधातू आणले ते याच दुखण्यावर. पण मिश्रधातू चांगला असला तरी भट्टीत भंगार पडलं की दुखणं परत येतं. या पक्ष्याच्या मानेचा तुटका भाग करडा, खरखरीत होता आणि नखाने खरवडला की भुकटी निघत होती. अशा धातूला डाग देऊन उपयोग नाही. सोल्डर धरतं ते वरच्या भुकटीला, आतल्या धातूला नाही. दुरुस्तीचा मार्ग इथेच बंद झाला.

याचा दुसरा परिणाम पटकन लक्षात येत नाही: फुगलेली वस्तू माप म्हणून वापरता येत नाही. जुन्या पक्ष्यावर दोन स्टडमधलं अंतर ९३.५ मिमी भरलं. बॉनेटच्या भोकांत ते ९२ मिमी होतं. दीड मिलिमीटरचा हा फरक त्या फुगण्याचाच. जुन्या पक्ष्यावरून भोकं पाडली असती तर नवा पक्षी बॉनेटवर बसलाच नसता. तेव्हा आकार जुन्या पक्ष्याचा घ्यायचा, माप बॉनेटचं घ्यायचं.

बॉनेटचा ठसा

बॉनेटचा तो भाग दोन्ही दिशांनी गोलाई घेतलेला असतो, पट्टीने मोजून तो हाती येत नाही. त्यावर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून चिकटवला, दोन्ही भोकांत गुळगुळीत, तेल लावलेल्या खुंट्या उभ्या केल्या आणि वर २० मिमी जाडीचं प्लास्टर ऑफ पॅरिस गोणपाटाचे तुकडे घालून थापलं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, त्यामुळे ते अर्ध्या तासाने, कोमट असताना उचललं. खाली बॉनेटचा उलटा ठसा मिळाला, खुंट्यांच्या जागी भोकं मिळाली. त्या ठशावर पुन्हा प्लास्टर ओतून बॉनेटची सुलटी प्रतिकृती केली. पुढचं सगळं काम या प्रतिकृतीवर झालं, गाडीचा रंग एकदाही खरचटला नाही.

धातूची निवड

ब्रॉन्झ सुंदर दिसतं, पण हाच पक्षी ब्रॉन्झमध्ये ९५० ग्रॅमच्या घरात गेला असता. १ मिमी पत्र्याच्या टोकावर एवढं वजन इंजिनाच्या थरथरीने पत्र्याला भोकाभोवती चिरा पाडतं. शिवाय ब्रॉन्झला हजार अंशांच्या वर जावं लागतं. पितळ तर घरच्या भट्टीत नकोच: जस्त ९०७ अंशांना उकळतं, पितळ वितळतं त्याच सुमाराला पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

ॲल्युमिनियममध्येही निवड करावी लागते. शीतपेयांच्या डब्यांत धातूपेक्षा मळी जास्त. पिस्टनमध्ये सिलिकॉन भरपूर, ओतायला छान, पण पॉलिश केल्यावर काळपट करडा रंग येतो. खिडक्यांच्या पट्ट्यांचा धातू आरशासारखा चमकतो, मात्र साच्यात निवताना कोपऱ्यांना चिरतो. मधला मार्ग म्हणजे सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असलेला एलएम२५ किंवा त्याच जातीचा ए३५६. गाड्यांची बहुतेक अलॉय व्हील्स याच जातीची असतात. या कामात व्हीलचे तुकडे कापून, रंग आणि लोखंडी वजनं काढून, एकदा वितळवून छोट्या विटा पाडल्या. पहिल्या वितळीत घाण निघून जाते. भंगार थेट साच्यात ओतू नये, आधी वीट पाडावी.

क्रोमचा विचार सोडला. ॲल्युमिनियमवर क्रोम चढवायला आधी झिंकेटचा (जस्ताचा पातळ) थर लागतो, आणि क्रोमच्या टाकीतलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोग करणारं आहे. ते घरी करायचं काम नव्हे. नीट पॉलिश केलेला एलएम२५ क्रोमपेक्षा थोडा उबदार दिसतो आणि जुन्या गाडीला तो शोभतो.

पॅटर्न: आटण्याचा हिशेब

जुन्या पक्ष्याची मान इपॉक्सीने जोडली, फोड घासून बॉडी पुट्टीने भरले. वाळूत ओतायचा विचार पंखांखालच्या खोबणीमुळे बाद झाला, कारण पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) वाळूतून सरळ वर निघत नाही. म्हणून सिलिकॉन रबराचा साचा, त्यातून मेणाचा पक्षी, मेणाभोवती इन्व्हेस्टमेंट (उष्णता सोसणारं, प्लास्टरसारखं साच्याचं मिश्रण), मग मेण घालवून धातू.

या वाटेत वस्तू दोनदा आटते: मेण निवताना साधारण ०.९ टक्के, एलएम२५ निवताना साधारण १.३ टक्के. मिळून २.२. म्हणजे १५० मिमीची बैठक १४६.७ मिमी होणार आणि बॉनेटवरच्या जुन्या रंगाची कड उघडी पडणार. उपाय म्हणून पॅटर्नच्या बैठकीला पुढे-मागे २-२ मिमी पुट्टी चढवली. १५४ मिमीला ०.९७८ ने गुणलं की १५०.६ येतात, वरचे ०.६ मिमी कानशीला सोडले. रुंदीलाही दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिलिमीटर दिला. पक्ष्याचं शरीर मात्र तसंच ठेवलं. २१० ऐवजी २०५ मिमीचा पक्षी कुणाच्या डोळ्यांना कळत नाही.

बैठकीचा तळ असा घेतला: प्लास्टरच्या प्रतिकृतीवर मेणाचं पॉलिश चोळलं, पॅटर्नच्या तळाला ओली पुट्टी लावली, आणि पॅटर्न प्रतिकृतीवर दाबून तसाच घट्ट होऊ दिला. गोलाई हुबेहूब उतरली.

आणखी दोन बदल मुद्दाम केले. मान ७ मिमीची होती, ती ९ मिमी केली आणि खांद्याशी ४ मिमी त्रिज्येची गोलाई दिली. थरथरणाऱ्या वस्तूत चीर नेहमी आतल्या धारदार कोपऱ्यातून निघते. स्टडसाठीचे दोन बॉस १४ मिमी व्यासाचे आणि १५ मिमी खोल ठेवले, भरीव. त्यांत भोकं ओतून घेतली नाहीत. ज्या मापात चूक चालत नाही ते माप ओतून मिळवू नये, शेवटी ड्रिलने मिळवावं.

सिलिकॉन १२ मिमी जाड, दोन भागांत, बाहेरून प्लास्टरचं कवच. मेण ७० ते ७५ अंशांना ओतलं. जास्त गरम मेण जास्त आटतं आणि पाठीवर खळगा पाडतं. मेण निघाल्यावर पोटाकडून कोरून भिंतीची जाडी ४.५ मिमीवर आणली. कारखान्यातल्या डायकास्टची भिंत ३ मिमीची होती, पण तिथे धातू दाबाने घुसतो. नुसत्या वजनाने वाहणाऱ्या धातूला ४ च्या खाली नेऊ नये. कोरलेल्या मेणाच्या पक्ष्याचं वजन १०६ ग्रॅम. त्याला २.८ ने गुणलं की ॲल्युमिनियमचं वजन मिळतं, म्हणजे ३०० ग्रॅमच्या आसपास. हाच गुणाकार रनर (धातू आत जायची वाट) आणि रायझर (निवताना धातू पुरवणारा खांब) यांच्यासकट सगळ्या मेणाला लावला की मुशीत किती धातू हवा ते कळतं.

पहिला ओताव आणि त्यातले तीन दोष

पहिल्या मांडणीत पक्षी उभा होता, डोकं खाली, शेपूट वर, आणि शेपटीला ८ मिमीचा एकच रनर. दिसायला ही मांडणी सोयीची, कारण साचा अरुंद होतो. बाहेर आलेल्या वस्तूत तीन दोष होते, आणि तिघांची कारणं वेगवेगळी. इथे घाई करणारा माणूस तिन्हींवर एकच औषध करतो, धातू आणखी तापवतो, आणि त्यातला एक दोष दुप्पट करून घेतो.

*डाव्या पंखाचं टोक भरलंच नाही.* कड गोल, गुळगुळीत, जणू धातू तिथे येऊन थांबला. साचा भट्टीतून काढल्यावर बराच वेळ बाहेर राहून १५० अंशांपर्यंत उतरला होता आणि टोकाची जाडी १.५ मिमी होती. त्यात टोकातली हवा बाहेर जायला वाट नव्हती. वाळूतून हवा जाते, इन्व्हेस्टमेंटमधून फारशी जात नाही.

*पुढच्या बॉसमध्ये पोकळी.* वरून काहीच दिसत नव्हतं. ड्रिल ६ मिमी आत गेल्यावर एकदम सटकलं. बॉस आडवा कापला तेव्हा आत वाटाण्याएवढी, वेडीवाकडी पोकळी निघाली. भिंग लावलं तर तिच्या भिंतींवर नेच्याच्या पानासारखे बारीक फाटे उभे होते. हे श्रिंकेज. द्रवरूपातून घट्ट होताना ॲल्युमिनियमचं घनफळ मिश्रधातूप्रमाणे ४ ते ७ टक्के कमी होतं, ती तूट कुठून तरी भरून यावी लागते. शेपटीची ४.५ मिमीची भिंत आधी निवली आणि रनरचा रस्ता बंद झाला. १४ मिमीचा बॉस अजून द्रव होता, त्याला मागून धातू मिळाला नाही, त्याने आतच खड्डा करून घेतला. मूळ पक्ष्याचा स्टडही इथूनच उपटला होता, म्हणजे हा दोष कुठेही खपला असता, इथे नाही.

*पाठीवर पिन होल्स.* घासल्यावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं उघडी पडली, आतून गुळगुळीत आणि चकचकीत. गोल आणि चकचकीत म्हणजे वायू; खरखरीत आणि फाटे फुटलेलं म्हणजे श्रिंकेज. ही ओळख पक्की करून ठेवावी. वायू हा हायड्रोजन असतो. द्रव ॲल्युमिनियम जेवढा हायड्रोजन पोटात ठेवतं त्याच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढाच घट्ट ॲल्युमिनियम ठेवू शकतं. उरलेला निवताना बुडबुडा होतो. तो येतो ओलसर विटांतून, न तापवलेल्या पळीतून, आणि मुख्य म्हणजे धातू गरजेपेक्षा जास्त तापवून तसाच ठेवल्याने. इथे मूस ८२० अंशांवर गेली होती.

दुसरी मांडणी

आता पक्षी उताणा ठेवला, बैठक वर. दोन्ही बॉसवर २० मिमी व्यासाचे रायझर उभे केले, ते साच्याच्या माथ्यापर्यंत उघडे, ७० मिमी उंच. जाड भाग आता सर्वांत जाड खांबाला जोडलेला आहे. पंख आधी निवतात, मग भिंत, मग बॉस, शेवटी रायझर. पोकळी व्हायचीच असेल तर रायझरमध्ये होऊ दे, तो कापूनच टाकायचा आहे.

रनर १२ मिमीचा घेतला आणि तो पोटाच्या पोकळीतून खाली नेऊन पाठीच्या आतल्या अंगाला जोडला. धातू तळापासून शांतपणे वर चढतो, फेस होत नाही, आणि रनर कापल्याची खूण पोटात लपते. पंखांची टोकं मेणातच २.५ मिमी जाड केली, प्रत्येक टोकापासून ३ मिमी मेणाची काडी व्हेंट म्हणून माथ्यापर्यंत नेली. जादा जाडी नंतर कानशीने काढता येते, न भरलेलं टोक जोडता येत नाही.

खोकं पत्र्याचं, २६ × १७ × १६ सेंमी, म्हणजे ७ लिटर. जिप्समवर बांधलेली इन्व्हेस्टमेंट पावडर ८.७ किलो आणि पाणी ३.५ लिटर, म्हणजे १०० ला ४०. पावडर पाण्यात टाकायची, उलट नाही. हातात आठ-नऊ मिनिटं असतात. पहिला थर मऊ ब्रशने मेणावर लावला, विशेषतः चोचीखाली आणि पंखांच्या बगलेत. तिथे बुडबुडा अडकला की धातूवर तेवढाच मणी उगवतो. मग खोकं भरून टेबलाला बाजूने ठोके देत राहायचं. पावडरीत बारीक सिलिका असते, ती फुप्फुसात कायमची बसते. मिसळताना आणि नंतर साचा फोडताना बारीक धूळ अडवणारा मास्क हवाच, नाकावर बांधलेला रुमाल चालत नाही.

मेण घालवताना साचा पालथा, तोंड खाली. १५० अंशांवर तीन तास, मेण खालच्या ताटात उतरतं. मग तासाला साधारण १०० अंश चढवत ३७० वर दोन तास, पुढे ७०० वर चार तास. ७३० च्या वर जाऊ नये, जिप्सम फुटून गंधकाचा वायू सुटतो आणि धातूचा पृष्ठभाग खराब होतो. साच्याचं तोंड पांढरंशुभ्र दिसलं की मेण पूर्ण जळालं. करडी झाक असेल तर कार्बन आत आहे, आणखी वेळ द्यायचा. नंतर साचा भट्टीतच २८० अंशांवर उतरवून तिथेच धरून ठेवला. मूस तयार झाल्यावरच तो बाहेर काढला, आधी नाही. पहिल्या ओतावात पंख राहिला तो हाच क्रम चुकल्यामुळे.

धातू किती लागणार? पक्षी, रायझर, रनर, ओतायचं तोंड मिळून मेण २२० ग्रॅम, म्हणजे धातू ६२० ग्रॅम. मुशीत ७५० घेतला. कमी पडलेला धातू परत आणून जोडता येत नाही, म्हणून वर शंभर-सव्वाशे ग्रॅम असावाच.

विटा मुशीच्या कडेवर तापवून मगच आत सोडल्या. ७३० अंशांना भट्टी बंद, वरची मळी एकदाच काढली, ढवळलं नाही. दिवसाउजेडी ७०० अंशांचं ॲल्युमिनियम लाल दिसत नाही, पाऱ्यासारखं रुपेरी दिसतं; डोळ्यांवर भरवसा न ठेवता थर्मोकपल (तापमान मोजणारी काडी) बुडवावा. ओतण्याआधी चमचाभर धातू छोट्या गरम लोखंडी वाटीत घेऊन निवू दिला. माथा आत दबला तर वायू कमी, फुगून वर आला तर वायू जास्त. इथे दबला. फुगला असता तर धातू परत विटांत ओतून, कोरडा करून पुन्हा सुरुवात करावी लागली असती. तेवढा वेळ जरूर घालवावा.

साच्याखाली ५ सेंमी कोरडी वाळू. सिमेंटच्या फरशीवर धातू सांडला तर आतली ओल वाफ होऊन कपचे उडवते. अंगात सुती जाड कपडे, चामड्याचा एप्रन आणि बूट, तोंडापुढे पूर्ण शील्ड. पँट बुटांच्या बाहेर, आत खोचलेली नाही. ओताव पाचेक सेकंदांचा, धार न तोडता, तोंड सतत भरलेलं ठेवून. दोन्ही रायझरमध्ये धातू वर दिसू लागल्यावर मुशीतला उरलेला गरम धातू थेट रायझरमध्ये घातला. खालून भरलेल्या साच्यात रायझरला सर्वांत गार धातू मिळतो, तो असा गरम केला नाही तर रायझर उभे करूनही उपयोग होत नाही. काही क्षणांत दोन्ही रायझरचे माथे वाटीसारखे खोल गेले. हे दृश्य बघून हायसं वाटावं, कारण तो खड्डा बॉसच्या वाट्याचा होता.

साचा हाताला सोसेल इतका निवू दिला, मग पाणी मारून ओला करूनच फोडला. गरम साचा पाण्यात बुडवला तर इन्व्हेस्टमेंट झटक्यात गळून पडते, हे खरं. पण पातळ पंख वाकतात.

कानस आणि बफ

रायझर करवतीने, व्हेंट कटरने, पोटातला रनर बर (ड्रिलसारखं छोटं फिरतं कटर) लावून काढला. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत चिकटतं आणि पुढच्या घासणीत खोल ओरखडा पाडतं. कानशीला खडू चोळला की ते टळतं. पंखांची टोकं २.५ वरून १.६ मिमीवर आणली. मग घासायचा पेपर १२०, २४०, ४००, ६००, ८००. प्रत्येक वेळी दिशा आडवी बदलायची आणि आधीच्या पेपरचे सगळे ओरखडे जाईपर्यंत पुढे जायचं नाही. १२० चा एक ओरखडा राहिला तर तो बफवर (चमक आणणाऱ्या कापडी चाकावर) जात नाही, उलट चमकून दिसतो.

बफिंगला या कामातला सर्वांत मोठा धोका असतो आणि तो ओतण्यापेक्षा कमी मानला जातो, हे चूक आहे. पंखाची कड चाकाच्या दिशेने वर आली की चाक पक्षी हिसकावून घेतं. काम चाकाच्या खालच्या पाव भागातच, कड नेहमी फिरण्याच्या दिशेने खाली वळलेली. हातमोजे घालू नयेत.

बसवणी

बॉनेटच्या प्रतिकृतीतली ९२ मिमी अंतरावरची भोकं वापरून बॉसवर खुणा केल्या, ५ मिमी ड्रिल, एम६ चे आटे १२ मिमी खोल. या वेळी ड्रिल शेवटपर्यंत एकसारखं गेलं. स्टेनलेसचे ४५ मिमी स्टड घट्ट होणाऱ्या लॉकिंग द्रवासह बसवले. बैठकीच्या तळाला इपॉक्सी प्रायमर, खाली १.५ मिमी निओप्रीन रबराचं गॅस्केट, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये पाणी थांबलं की ॲल्युमिनियम झिजत जातं. गॅस्केटला मागच्या टोकाला ३ मिमीची खाच ठेवली, पाणी तिथून निघून जातं.

नट थेट आवळले नाहीत. बाहेर आलेल्या भागांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा मोटार नियम क्रमांक २६ सांगतो की १० मिमीपेक्षा जास्त वर आलेली शोभेची वस्तू १०० न्यूटनच्या आत, म्हणजे साधारण १० किलोच्या ओढीला, दबली, सुटली किंवा कलली पाहिजे. जुन्या गाडीला नियम लागू असो वा नसो, बॉनेटवर आदळणाऱ्या माणसाचं डोकं तेच असतं. म्हणून बॉनेटखाली दोन्ही स्टडना मिळून १.५ मिमी पत्र्याची १२० × ४० मिमी सामाईक पट्टी, मग प्रत्येक स्टडवर स्प्रिंग, वायसर आणि नायलॉक (थरथरीने सैल न होणारा) नट. बॉनेटची भोकं ८ मिमीची असल्याने ६ मिमी स्टडला कलायला जागा मिळते. पट्टीलाही तेवढीच भोकं.

स्प्रिंगचा हिशेब: तार १.२ मिमी, बाहेरचा व्यास १२ मिमी, चालते वेढे ४. ही स्प्रिंग मिलिमीटरला साधारण ४ न्यूटन देते. १० मिमी दाबली की ४० न्यूटन. पक्ष्याच्या माथ्याला, ६५ मिमी उंचीवर, मागे ढकललं तर तो बैठकीच्या मागच्या कडेवर कलतो. तिथून दोन स्टड २९ आणि १२१ मिमीवर. ४० × (२९ + १२१) ÷ ६५ म्हणजे ९२ न्यूटन. आडव्या ढकलीला भुजा २० मिमी, म्हणजे ८० × २० ÷ ६५, जेमतेम २५ न्यूटन. वाऱ्याला आणि थरथरीला हे पुरेसं आहे, पण पुसताना पक्षी धरून ओढला तर तो कलेल; तो कलावा म्हणूनच बसवला आहे. माथ्याला दोरी बांधून ताणकाट्याने ओढून पाहिलं, मागे कलायला साडेनऊ किलोच्या जवळ लागले. नट आणखी फेरा फेरा आवळत गेलं तर हा आकडा १०० न्यूटनच्या पुढे जातो, म्हणून नटाच्या जागेवर रंगाचा ठिपका दिला.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर गॅस्केट दबतं आणि स्प्रिंगचा ताण अर्धा-एक मिलिमीटर सैल होतो. तेव्हा पुन्हा ताणकाटा लावून नट जुळवावे. त्याच वेळी मानेच्या मुळाशी आणि बॉनेटच्या भोकांभोवती भिंगाने चीर बघावी. सिलिकॉनचा साचा मेणाचा पक्षी आत ठेवूनच कवचासकट बांधून सावलीत ठेवावा, रिकामा ठेवला तर तो स्वतःच्या वजनाने बसतो.